शेती वाचली, पण बोळ ठेवायचे राहिले

प्रश्न काय आलाय ते आधी सांगतो. मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीत, वॉशिंग्टनच्या वर पंचवीस-तीस मैलांवर क्लार्क्सबर्गला एका ताईंनी टाउनहाऊस घेतलंय. साताऱ्याहून सासरे आलेत सहा महिन्यांसाठी. वरच्या मजल्याच्या खिडकीतून किराणा दुकानाची पाटी दिसते, सरळ रेषेत तीनशे-साडेतीनशे मीटर असेल, पण चालत जायचं तर सव्वादोन किलोमीटर, त्यात मध्ये एक मोठा रस्ता ओलांडायचा. सासरे रोज विचारतात की समोर दिसतंय तिथं जायला गाडी कशाला. ताईंचा दुसरा प्रश्न असा की दहा मिनिटं गाडी मारली की नुसती शेतं लागतात, एवढी जागा मोकळी असताना घरं इतकी महाग का, आणि काउंटीत प्लॅनिंग नावाचं काही असतं की नाही.

असतं हो. उलट अमेरिकेत ज्या थोड्या काउंट्यांचं प्लॅनिंग कॉलेजात शिकवतात त्यातली ही एक आहे, म्हणून तर तुमचा प्रश्न जास्त बोचतो. मी या वॉशिंग्टनच्या पट्ट्यातच काउंटी प्लॅनर म्हणून वीसेक वर्षं काढली आहेत, नकाशे रंगवण्यापासून रात्री अकरा वाजेपर्यंत हिअरिंगला, म्हणजे जाहीर सुनावणीला, बसण्यापर्यंत सगळं करून झालंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, काउंटी म्हणजे आपला जिल्हा असं समजून लोक चालतात आणि तिथेच घोळ होतो. आपल्याकडे जिल्ह्याचे कलेक्टर आणि शहराची महापालिका वेगळी. इथे क्लार्क्सबर्ग, जर्मनटाउन, बेथेस्डा, सिल्व्हर स्प्रिंग ही नावं पत्त्यात येतात पण त्यांना स्वतःची नगरपालिकाच नाही, रॉकव्हिल आणि गेथर्सबर्गला आहे. बाकी बहुतेक भागात कुठे किती मजले, कुठे शेत, कुठे दुकान हे सगळं, म्हणजे झोनिंग, काउंटीची निवडून आलेली कौन्सिल ठरवते. नऊ लाखांवर लोकवस्तीच्या प्रदेशाचं झोनिंग एका टेबलावर होतं, ही फार मोठी सोय आहे, पेन्सिल्व्हेनिया किंवा न्यू जर्सीसारखं नाही, तिथे दर चार मैलांवर वेगळी टाउनशिप आणि वेगळा कायदा.

आता शेतांचं. १९६४ ला या काउंटीने शेजारच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीबरोबर मिळून एक जनरल प्लॅन केला. कल्पना साधी होती, हाताचा पंजा पसरा, बोटं म्हणजे वाढ आणि दोन बोटांमधली जागा म्हणजे हिरवं. एक बोट आत्ताच्या २७० हायवेच्या बाजूने वर जातं, त्यावर रॉकव्हिल, गेथर्सबर्ग, जर्मनटाउन, क्लार्क्सबर्ग अशी मण्यांसारखी गावं वाढवायची आणि ती रेल्वेने जोडायची. त्या वेळी काउंटीची लोकसंख्या साडेतीन-चार लाख, २०२० च्या जनगणनेत १० लाख ६२ हजार. म्हणजे त्यांनी वाढ येणार हे बरोबर ओळखलं होतं. पण नकाशावर हिरवा रंग मारला म्हणून शेत राहत नाही. १९७० च्या दशकात त्या हिरव्या भागात पाच एकराला एक घर असा नियम होता, आणि ऐकायला तो फार कडक वाटतो, पण पाच एकर हा सगळ्यात वाईट आकडा आहे. शेती करायला फार लहान आणि गवत कापायला फार मोठा! श्रीमंत लोकांनी पाच-पाच एकराचे तुकडे घेऊन मध्ये बंगला बांधला की शेती संपली, आणि रस्ता, स्कूलबस, बर्फ काढायचा ट्रॅक्टर सगळं तिथपर्यंत न्यायचं ते वेगळंच.

म्हणून १९८० ला काउंटीने धाडस केलं. ९३ हजार एकर, म्हणजे काउंटीचा जवळजवळ तिसरा हिस्सा, शेतीसाठी राखीव. पाच एकराला एक ऐवजी पंचवीस एकराला एक घर. आता शेतकरी म्हणणारच ना की माझ्या शंभर एकरावर वीस घरं होत होती, तुम्ही चारवर आणलीत, माझं नुकसान कोण भरणार. त्यावर उतारा म्हणून टीडीआर, म्हणजे विकता येईल असा बांधकामाचा हक्क, दिला. मुंबईवाल्यांना टीडीआर नवा नाही, तिथे १९९१ च्या नियमावलीपासून रस्त्याला किंवा आरक्षणाला जागा सोडली की बदल्यात दुसरीकडे चढवायला एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाची मुभा, मिळतो. इथे तोच प्रकार शेताला लावला. शंभर एकरवाल्याकडे पाच एकराला एक याप्रमाणे वीस हक्क राहिले, बांधेल तेवढ्या घरांना एकेक ठेवायचा आणि उरलेले विकायचे. विकत घेणारा बिल्डर बोटावरच्या गावात कुठेतरी झोनिंगपेक्षा जास्त घरं बांधतो. हक्क विकला की शेताच्या कागदावर कायमचा बोजा चढतो, सातबाऱ्यावर चढावा तसा, मग पुढच्या मालकालाही तो चुकत नाही. अशा पद्धतीने पन्नास हजारांवर एकर कायमचे बांधले गेले आणि त्यासाठी काउंटीच्या तिजोरीतून जमीन विकत घ्यायला पैसे फार काढावे लागले नाहीत. तुम्ही उन्हाळ्यात मुलांना घेऊन स्ट्रॉबेरी तोडायला जाता ना, ती शेतं आज आहेत ती यामुळे.

पण नुसत्या झोनिंगने हे झालं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. खरी लगाम पाइपची आहे. सार्वजनिक पाणी आणि सिवर, म्हणजे सांडपाण्याची लाइन, कुठपर्यंत जाणार याचा काउंटीचा वेगळा नकाशा असतो, आणि आमच्या धंद्यात म्हणतात की झोनिंग बदलायला एक निवडणूक पुरते, पाइप टाकायला पैसे लागतात. सिवर नसेल तर सेप्टिक टँक, आणि सेप्टिक म्हटलं की पर्क टेस्ट. म्हणजे खड्डा खणायचा, पाणी ओतायचं आणि ते एक इंच खाली जायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघायचं. चिकणमाती लागली आणि पाणी हललं नाही की तिथे घर नाही, विषय संपला. मी कितीतरी मोठमोठे आराखडे त्या खड्ड्यात बुडालेले पाहिलेत. २०१२ ला तर मेरीलँड राज्याने कायदाच केला की सेप्टिकवरच्या मोठ्या वसाहती कुठे चालतील आणि कुठे नाही. पसारा रोखायचा असेल तर पहिल्यांदा सिवरचा नकाशा बघा, बाकीचे रंगीत नकाशे नंतर.

मग घरं महाग का? शेतं राखली म्हणून, असं सरळ उत्तर लोक देतात, ते अर्धंच खरं आहे. शेतं राखताना केलेल्या सौद्याची दुसरी बाजू अशी होती की बोटांवर दाट वस्ती होऊ द्यायची. टीडीआर विकणारे तयार होते, पण तो जिथे उतरायचा तिथले लोक म्हणाले आमच्याकडे नको. प्रकरण कोर्टात गेलं, १९८७ ला मेरीलँडच्या वरच्या कोर्टाने सांगितलं की कुठे किती जादा घरं हे नुसत्या मास्टर प्लॅनमध्ये लिहून चालणार नाही, रीतसर झोनिंग करा, मग ते सगळं परत करत बसले. आणि मेट्रो स्टेशनपासून पाच-सात मिनिटांवर आजही गल्ल्याच्या गल्ल्या आहेत जिथे एका प्लॉटवर एकच घर बांधता येतं. म्हणजे बाहेरचं दार लावलं ते बरोबरच होतं, पण आतल्या खोल्या उघडल्या नाहीत. २०२४ ला काउंटीने डुप्लेक्स-ट्रिप्लेक्सला, म्हणजे एका इमारतीत दोन-तीन घरांना, परवानगी द्यावी का यावर सभा घेतल्या तेव्हा जी गर्दी आणि जो आरडाओरडा झाला तो पाहिला असता तर तुम्हाला किमतीचं उत्तर तिथेच मिळालं असतं. यात एक गोष्ट मात्र काउंटीने चांगली केली, १९७४ पासून मोठ्या प्रकल्पात साधारण साडेबारा ते पंधरा टक्के घरं बेतशीर भावात द्यायचा कायदा आहे. तुमच्या रांगेतही दोन-चार असतील, बाहेरून ओळखू येत नाहीत, तसंच अपेक्षित आहे.

आणि ज्यांना आत जागा मिळाली नाही ते गेले कुठे? वर, फ्रेडरिक काउंटीत. तिची लोकसंख्या २००० ला १ लाख ९५ हजार होती, २०२० ला २ लाख ७१ हजार झाली. सकाळी २७० वर जी रांग लागते त्यातले कितीतरी लोक आपली हिरवी शेतं ओलांडून खाली कामाला जातात. एका काउंटीने कुंपण घातलं की पसारा उडी मारून पलीकडे जातो, हे मी स्वतः प्लॅनर असून सांगतो. ओरेगॉनमध्ये पोर्टलँडने म्हणूनच तीन काउंट्यांना मिळून एकच सीमारेषा घातली, आणि तिथेही नदी ओलांडली की दुसरं राज्य लागतं, त्यांचा कायदा वेगळा.

असो. आता तुमच्या सासऱ्यांच्या प्रश्नाकडे येतो, कारण माझ्या मते खरं अपयश तिथे आहे.

पुण्यात पेठेत राहिलेल्या माणसाला बोळ काय असतो ते सांगावं लागत नाही. दोन वाड्यांच्या मधून जाणारी चार-पाच फुटांची वाट, सायकल जेमतेम जाते, पण तिच्यामुळे दहा मिनिटांचं अंतर तीन मिनिटांचं होतं. आम्ही इथे त्याला फार मोठमोठी नावं देतो, पण असतो तो बोळच. तुमच्या खिडकीतून दुकान दिसतंय आणि जाता येत नाही याचं कारण एवढंच की तुमची वसाहत आणि शेजारची वसाहत यांच्या मधला बोळ कोणी ठेवला नाही.

का नाही ठेवला, तर तुमची वसाहत एका बिल्डरची, शेजारची दुसऱ्याची, अर्ज वेगवेगळ्या वर्षी आले, प्रत्येकाने आपल्या जमिनीपुरता आराखडा दिला. प्रत्येकाचा रस्ता आत जातो, वळतो आणि एका गोल टोकाशी संपतो. हे गोल टोक काही आकाशातून पडलं नाही. १९३० च्या दशकात केंद्र सरकारच्या ज्या संस्थेने घरकर्जाला हमी द्यायला सुरुवात केली तिनेच बिल्डरांना सल्ला दिला की सरळ चौकटीचे रस्ते नकोत, वळणाचे आणि बंद टोकाचे करा म्हणजे थेट वाहतूक घरांवरून जाणार नाही. हमी हवी तर सल्ला मानणार कोण नाही. पन्नास-साठ वर्षांत तोच रिवाज झाला आणि लोकांना आता बंद टोकाच्या घराला जास्त पैसे द्यावेसे वाटतात. त्यांचंही चुकत नाही म्हणा, मुलं रस्त्यावर खेळतात.

याचा हिशोब साधा आहे. दहा मिनिटांत माणूस साधारण अर्धा मैल चालतो. स्टेशन किंवा दुकान मध्ये धरून अर्ध्या मैलाचं वर्तुळ काढलं तर आत पाचशे एकर येतात. पण माणूस पक्षी नाही, रस्त्याने जातो. अगदी सुंदर चौकटीचे रस्ते असले तरी त्या पाचशेतले सव्वातीनशे एकरच दहा मिनिटांत गाठता येतात. आणि बंद टोकांची वसाहत असली तर नकाशावर तो भाग एखाद्या किड्याने कुरतडलेल्या पानासारखा दिसतो, वर्तुळाचा मोठा तुकडा गायबच. आम्ही ऑफिसात तो नकाशा काढतो आणि एक तीस फुटांचा बोळ जोडून परत काढतो, तेव्हा एकदम चाळीस-पन्नास घरांचा रंग बदलतो. एवढं स्वस्तात दुसरं काही मिळत नाही.

आता एक अनुभव सांगतो, जागेचं नाव सांगत नाही. एका फाइलमध्ये असाच जोड होता, दोन वसाहतींच्या मध्ये वीस फूट रुंद, साठ-सत्तर फूट लांब, त्यात आठ फुटांची डांबरी वाट आणि दोन दिवे. पलीकडे शाळा. मी स्वतः आखला होता. हिअरिंगला पलीकडच्या वसाहतीतले अकरा जण आले, अलीकडचे कोणीच नाही, कारण अलीकडे अजून घरंच बांधली नव्हती, तिथले लोक अस्तित्वातच नव्हते! अकरा जण म्हणाले की परकी माणसं येतील, चोऱ्या होतील, रात्री पोरं गोंगाट करतील, कुत्र्यांची घाण होईल. बिल्डरला काय, त्याला एक प्लॉट जादा मिळत होता. जोड गेला, सहा फुटी लाकडी कुंपण आलं. दोन वर्षांनी अलीकडे लोक राहायला आले आणि मला ईमेल यायला लागले की शाळा समोर दिसते पण मुलांना बसने पाठवावं लागतं. मी काय उत्तर देणार. पुढे एकदा त्या बाजूने गेलो तर कुंपणाची एक फळी निखळलेली आणि गवतात पायवाट पडलेली. पोरांनी बोळ काढला होता.

तर ९३ हजार एकरांचा निर्णय एकदा घ्यावा लागला, एका कौन्सिलने हिंमत केली आणि चाळीस वर्षं टिकला. बोळाचा निर्णय दर फाइलला, दर मंगळवारी-गुरुवारी, कोणी बघत नसताना घ्यावा लागतो, आणि दर वेळी थोडासाच तोटा होतो म्हणून कोणी भांडत नाही. चालण्याजोगं गाव असंच हातातून जातं, एकेक कुंपणाने. वाकड-बाणेरकडच्या मित्रांना हे सांगावं लागणार नाही, दोन सोसायट्यांच्या मधली कंपाउंडची भिंत आणि तिच्यावरच्या काचा आठवा.

दुसरा शत्रू म्हणजे आमचीच चांगल्या हेतूने केलेली टेस्ट. १९७३ पासून इथे नियम आहे की रस्ते, शाळा पुरेशा असतील तरच नवीन घरांना परवानगी. ऐकायला किती शहाणपणाचं! पण रस्ता पुरेसा आहे हे ठरवायचं कसं, तर चौकात गाड्या किती थांबतात यावरून. टेस्टमध्ये चौक नापास झाला की बिल्डर म्हणतो ठीक आहे, मी डावीकडे वळायला अजून एक लेन देतो, उजवीकडे न थांबता वळायला वेगळी लेन देतो. झालं, टेस्ट पास. आता तुमच्या सासऱ्यांनी तो चौक ओलांडायचा. सहा लेन आणि वळायच्या दोन, प्रत्येकी बारा फूट धरा, शहाण्णव फूट. सिग्नलचं गणित सेकंदाला साडेतीन फूट या चालीने करतात, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस सेकंद. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांचा, गुडघा दुखणारा माणूस सेकंदाला तीन फुटांनीही जात नाही, तो मध्येच अडकतो आणि हात वर करून उभा राहतो. चौक ‘सुधारला’ म्हणून चालणं बंद झालं, आणि चालणं बंद झालं म्हणून अजून गाड्या. शाळांच्या बाबतीतही असंच, पटसंख्या फार झाली की त्या भागात घरं बांधणं आपोआप बंद व्हायचं, आणि ते बंद व्हायचं नेमकं मेट्रोजवळच्या जागांत. २०२० ला कौन्सिलने ती बंदी काढली, माझ्या मते उशिरा का होईना बरोबर केलं.

फायर ब्रिगेडचा एक वेगळाच अध्याय आहे, त्यांना बंबासाठी वीस फूट मोकळा रस्ता हवा असतो आणि वळणं रुंद, आम्हाला अरुंद रस्ता आणि टोकदार वळण हवं असतं म्हणजे गाड्या हळू जातील. दोघंही जीव वाचवायलाच बसलेले असतात, त्यामुळे भांडण फार वाईट होतं. त्यात पडत नाही.

दुकानांचं मात्र सांगायला हवं. लोक विचारतात की वसाहतीच्या मध्येच दुकान का नाही काढलं. झोनिंगने परवानगी देता येते, दुकानदार आणता येत नाही. दुकानदार छपरं मोजतो आणि समोरून जाणाऱ्या गाड्या मोजतो. क्लार्क्सबर्गचा १९९४ चा प्लॅन काढून वाचा, सुरेख आहे, मध्ये टाउन सेंटर, चालत जायचे रस्ते, वरून गेथर्सबर्गपर्यंत जाणारी वेगळ्या मार्गिकेची जलद बस किंवा रेल्वे. घरं आली. टाउन सेंटरची दुकानांची जागा वर्षानुवर्षं रिकामी राहिली, ती जलद वाहतूक तर आजही नाही, आणि २०१६ ला हायवेला लागून मोठा आउटलेट मॉल उघडला, ज्याला चालत जायचा प्रश्नच नाही. इथे मी आमच्या लोकांना दोष देतो. क्रम उलटा झाला. आधी घरं, मग दुकानं, मग वाहतूक, असं करून कधीच जमत नाही, कारण घरं आली की प्रत्येकाकडे दोन गाड्या येतात आणि दोन गाड्या आल्या की बस कोणाला हवी.

बरं, कुठे जमलं का? जमलं, आणि लांब नाही, नदीपलीकडे व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन काउंटीत. २६ चौरस मैलांची इवलीशी काउंटी. मेट्रोची ऑरेंज लाइन आखत होते तेव्हा सोपा आणि स्वस्त मार्ग होता नव्या ६६ हायवेच्या मधून. आर्लिंग्टनने हट्ट धरला की नाही, आमच्या जुन्या, मोडकळीला आलेल्या विल्सन बुलेव्हार्डच्या खालून बोगदा न्या. रॉसलिन १९७७ ला सुरू झालं, कोर्टहाउस, क्लॅरेंडन, व्हर्जिनिया स्क्वेअर, बॉल्स्टन १९७९ ला. प्रत्येक स्टेशनला नेमबाजीच्या चकतीसारखं धरलं, मध्यावर उंच इमारती, बाहेर जाल तशी उंची उतरत जाते आणि पाव मैलाच्या आसपास एकेकट्या घरांची जुनी वस्ती जशीच्या तशी. तिथल्या रहिवाशांशी सौदाच तसा होता, स्टेशनवर आम्हाला बांधू द्या, तुमच्या गल्लीला हात लावत नाही. सासऱ्यांना एक दिवस क्लॅरेंडनला घेऊन जा. स्टेशनमधून वर या, दुकानं, बाकडी, पोळीभाजीवाला सोडून सगळं आहे, आणि पाच मिनिटं चाललात की पोर्चवर झोपाळा असलेलं घर. तिथे इतकी घरं आणि ऑफिसं वाढूनही मुख्य रस्त्यांवरची वाहतूक त्या प्रमाणात वाढलीच नाही, कारण लोक खरंच चालतात.

आर्लिंग्टनला अजून एक गोष्ट पथ्यावर पडली जी फार कोणाला माहीत नसते. व्हर्जिनियात १९३२ पासून काउंटीचे गल्लीबोळातले रस्तेसुद्धा राज्य सरकार सांभाळतं. आज फक्त आर्लिंग्टन आणि हेनरिको या दोन काउंट्यांचे रस्ते त्यांच्या स्वतःच्या हातात आहेत. म्हणून आर्लिंग्टन फुटपाथ रुंद करू शकली, पार्किंगची लेन झाडांना देऊ शकली, कोणाला राज्याच्या राजधानीत, रिचमंडला, जाऊन विचारावं लागलं नाही. लाउडन काउंटीत, म्हणजे ॲशबर्नला, जिथे आपली निम्मी मराठी मंडळी आहेत असं गणपतीत वाटतं, तिथे रस्ता राज्याचा. राज्याने २००९ ला चांगला नियम आणला होता की नव्या वसाहतीचे रस्ते शेजारच्यांना जोडले असतील तरच आम्ही ते सांभाळायला घेऊ. बिल्डर ओरडले, २०११ ला तो पातळ केला. २०२२ च्या नोव्हेंबरात ॲशबर्नपर्यंत मेट्रोची सिल्व्हर लाइन आली, पण स्टेशन हायवेच्या मधोमध. आर्लिंग्टनने जे टाळलं नेमकं ते.

आर्लिंग्टनचाही तोटा आहे बरं का. चकतीबाहेरच्या गल्ल्यांना हात न लावण्याचा सौदा चाळीस वर्षांनी अंगावर आला, ती घरं आता कोणाला परवडत नाहीत. २०२३ ला तिथे थोडी दाटी करायला परवानगी दिली तर लगेच कोर्टकचेऱ्या.

जुनं बिघडलेलं दुरुस्त होतं का, तर होतं पण महागात. रॉकव्हिल पाइकवर व्हाइट फ्लिंट मेट्रोच्या भोवती, आता नॉर्थ बेथेस्डा म्हणतात, १९८० च्या दशकापासून स्टेशन होतं आणि भोवती पार्किंगची मैदानं आणि मॉल. २०१० ला प्लॅन केला की त्या मैदानांवर चौकटीचे नवे रस्ते टाकायचे, इमारती रस्त्याला भिडवायच्या. एका बाजूला ते झालंय, आता संध्याकाळी तिथे माणसं दिसतात. पण मॉल २०१५ ला बंद होऊन पाडला आणि त्याची जागा वर्षानुवर्षं गवत उगवत पडून राहिली, कारण मालक आणि भाडेकरू भांडले की प्लॅन काही करू शकत नाही. आणि मधला पाइक हा राज्याचा हायवे, काउंटीने कितीही सुंदर चित्र काढलं तरी तो ओलांडायला आजही हनुमान व्हावं लागतं.

मला कोणी उद्या कोरी काउंटी दिली तर काय करीन? सिवरची रेषा आधी आखीन आणि तीस वर्षं हलवणार नाही. रेषेच्या आत स्टेशन-बसच्या अर्ध्या मैलात एका प्लॉटवर एकच घर हा नियम पहिल्याच दिवशी काढीन, लोक राहायला येण्याआधी, कारण नंतर अकरा जण येतात. रस्त्यांचा सांगाडा बिल्डरवर सोडणार नाही, काउंटीच आखील, दर तीन-चारशे फुटांवर चौक, आणि चौक जमत नसेल तिथे बोळ, आणि तो प्रत्येक फाइलला आधीच नकाशात असेल म्हणजे हिअरिंगला तो ‘ठेवायचा का’ हा विषयच निघणार नाही. दुकानांकडून पार्किंगची सक्ती घेणार नाही, बेथेस्डा-सिल्व्हर स्प्रिंगमध्ये काउंटी स्वतःची सार्वजनिक पार्किंगं चालवते तसं करीन, एक जागा दिवसा ऑफिसवाल्याला, रात्री हॉटेलवाल्याला. काउंटीचा २०२२ चा नवा जनरल प्लॅन यातलं बरंच म्हणतो. म्हणायला १९६४ चाही म्हणत होता.

तुम्ही आत्ता काय करू शकता ते सांगतो. तुमच्या वसाहतीचा रेकॉर्ड प्लॅट, म्हणजे प्लॉट पाडल्याचा नोंदवलेला नकाशा, काढा, राज्याच्या संकेतस्थळावर फुकट दिसतो. त्यावर तुमच्या रांगेच्या टोकाला दोन प्लॉटच्या मध्ये दहा-वीस फुटांची पट्टी दिसते का बघा, तिच्यावर बारीक अक्षरात पादचारी किंवा युटिलिटी असं काहीतरी लिहिलेलं असेल. कितीतरी ठिकाणी ती असते, फक्त त्यावर कोणीतरी कुंपण आणि टोमॅटोचे वाफे घातलेले असतात. पादचारी म्हणून नोंद असेल तर काउंटीला वाट करा म्हणून हक्काने सांगता येतं. नुसती युटिलिटीची असेल तर मग दोन्हीकडच्या एचओएला, म्हणजे घरमालकांच्या संघटनेला, एका टेबलावर आणावं लागेल, ते जास्त किचकट, पण झालेलं पाहिलंय. काउंटीच्या पादचारी आराखड्यात आपली जागा घाला म्हणून लिहा, आणि लिहिताना ‘चालायला सोय हवी’ असं लिहू नका, कोणी वाचत नाही. तीनशे मीटरऐवजी सव्वादोन किलोमीटर, वय अमुक, चौकात इतकी सेकंद, असं लिहा आणि नकाशावर लाल रेघ मारून पाठवा. हिअरिंग लागली तर सासऱ्यांना घेऊन जा. व्हिसावर आलेला पाहुणासुद्धा बोलू शकतो, तीन मिनिटं मिळतात, मराठीत बोलले तर दुभाषाही मागता येतो, फक्त काही दिवस आधी कळवावं लागतं.

आणि तोवर पलीकडच्या कुंपणाची एखादी फळी सैल आहे का तेवढं बघून ठेवा.